नाव वहीत लिहिलंय, मग जागा कधी होते?

प्रश्न : आमचं गाव किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. धाकट्या लेकीला यंदा पहिलीत घालायचं आहे. येत्या नोव्हेंबरात तिला सहा वर्षं पूर्ण होतील. मे महिन्यात घरात लग्न, जूनमध्ये पेरणी, या धांदलीत शाळेचं राहून गेलं. जुलैच्या सुरुवातीला मालेगावच्या एका इंग्रजी शाळेत गेलो. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "वर्ग फुल्ल आहे, पण नाव लिहून ठेवते. जागा झाली की फोन करू." एका वहीत त्यांनी नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. महिना होत आला, फोन नाही. मला कुतूहल असं आहे की, ही वही पुन्हा कोणी उघडतं का? भरलेल्या वर्गात मध्येच जागा होते ती कुठून? उशिरा गेलो म्हणून आमचा हक्क गेला का? गावात कोणी म्हणते एक वर्ष घरीच ठेवा, कोणी म्हणते जिल्हा परिषदेत नाव टाकून द्या.
— एक पालक, किन्हीराजा

उत्तर : वही उघडतात, हे आधीच सांगून टाकतो. पण ती वरून खाली वाचत नाहीत.

तालुक्याच्या गावातल्या खाजगी शाळेच्या ऑफिसात नावांची दोन बाडं असतात. पहिलं जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, आडवं, रकान्यांचं. त्यात मुलाला कायमचा क्रमांक मिळतो, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहिली जाते, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि उजव्या टोकाच्या रकान्यात कधीतरी शाळा सोडल्याची तारीख व कारण. पुढे जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत या एका ओळीचा उतारा लागतो, म्हणून त्यात परवानगीशिवाय खाडाखोड चालत नाही. दुसरं बाड म्हणजे तुम्ही पाहिलीत ती वही. पुष्कळदा ती कुठल्यातरी बियाणे कंपनीने फुकट दिलेली मागच्या सालची डायरी असते. नाव, वर्ग, गाव, मोबाइल. आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात दोनचार शब्द : "भाऊ तिसरीत", "गाडी लागेल", "फी एकदम देतात", "सरांच्या ओळखीचे". जागा झाली की बाईंचं बोट नावांवरून फिरत नाही, या समासावरून फिरतं.

त्यातला "गाडी लागेल" हा शेरा तुमच्या कामाचा. शहरातल्या पालकाला वर्गातलं बाक मिळालं की प्रवेश झाला. शेलूबाजार-मालेगाव रस्त्यावरच्या गावातून येणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला बाक आणि गाडीतली सीट, दोन्ही मिळावं लागतं. वर्गात जागा झाली पण त्या बाजूची गाडी भरलेली असली, तर फोन गावातच राहणाऱ्या दुसऱ्या कुणाला जातो. स्कूलबससाठी राज्याने 2011 मध्ये स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं त्यात ठरवलं. त्यामुळे गाडीत दाटीवाटीने एक जास्त बसवणं हे ड्रायव्हरच्या मर्जीचं काम नाही, नसावंही. तेव्हा फोन कराल तेव्हा नुसतं "जागा झाली का" विचारू नका. "आमच्या बाजूच्या गाडीत सीट आहे का" हे आधी विचारा. कधीकधी बाईंच्या लक्षात तेव्हाच येतं की सीट तर आहे.

आता जागा होते कुठून ते पाहू. हे आपल्याकडच्या शेतीच्या आणि बदल्यांच्या वेळापत्रकात दडलेलं आहे.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. 2025 मध्ये इतरत्र 16 जूनला घंटा वाजली, विदर्भात 23 जूनला. म्हणजे आपल्याकडे शाळा उघडते ती ऐन पेरणीत. सोयाबीनची थैली, खताची पोती, ट्रॅक्टरचं भाडं आणि शाळेचा पहिला हप्ता हे सगळं एकाच पंधरवड्यात एकाच खिशाला हात घालतं. मार्च-एप्रिलमध्ये हजार-दोन हजार भरून जागा धरून ठेवलेले काही पालक इथे मागे हटतात. त्यांची मुलं हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. बाई रोज नाव पुकारतात, रोज गैरहजेरीची खूण होते. मग ऑफिसातून फोन जातो आणि पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, आम्ही त्याले मामाकडं अकोल्याले ठेवलं." त्या दिवशी एक जागा रिकामी होते. जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा हा अशा फोनांचा काळ.

दुसरा झरा बदल्यांचा. तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले, महावितरणमधले, जिल्हा परिषदेचे शिक्षक यांच्या बदल्या मे-जूनमध्ये व्हायच्या असतात, पण आदेश रेंगाळले की कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये हलतात. गंमत म्हणजे तालुक्यातल्या इंग्रजी शाळांत या मंडळींची मुलं बरीच असतात आणि त्यांची फीही वेळेवर येते. ती गेली की शाळेला जागा भरायची घाई असते. वही तेव्हा खऱ्या अर्थाने उघडते.

मोठ्या वर्गांना आणखी एक वाट आहे. वाशिमच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला 80 मुलं घेतात आणि त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. निवड यादी लागली की जिल्हाभरातल्या शाळांच्या पाचवी-सहावीतली हुशार मुलं निघून जातात आणि तिथे जागा होतात. पहिलीला याचा उपयोग नाही, पण घरात मोठं भावंड असेल तर ध्यानात ठेवा. नवोदयमध्येही गळती होते. म्हणूनच नववीसाठी त्यांची वेगळी परीक्षा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

सीबीएसईच्या शाळांचं गणित थोडं निराळं. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि एका तुकडीत 40 मुलं ही मंडळाची मर्यादा. पालकांच्या बदलीसारख्या अपवादात 45 पर्यंत जाता येतं. "फुल्ल आहे" असं ऐकल्यावर बदली होऊन आलेल्याला जागा मिळते आणि तुम्हाला मिळत नाही, याचं कारण दर वेळी वशिला नसतो. काही वेळा असतो, तेही खरं.

ऑगस्ट उलटला की पहिलीची वही थंडावते. मग थेट दिवाळीनंतर थोडी हालचाल होते. सोयाबीन विकून हातात पैसा आलेला असतो, ज्यांचा हप्ता थकला ते काढून घेतात, ज्यांच्याकडे पैसा आला ते येतात. पण तोवर अर्धं वर्ष गेलेलं असतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की आपल्या भागात मुलं उदंड आणि जागा कमी. परिस्थिती नेमकी उलटी आहे, आणि या प्रश्नातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट हीच. ज्या मे महिन्यात एका शाळेच्या वहीत नावं चढत असतात, त्याच महिन्यात त्याच तालुक्यातल्या अनुदानित शाळांचे गुरुजी मोटरसायकलवरून गावोगाव फिरून मुलं गोळा करत असतात. "गणवेश आम्ही देतो, वह्या आम्ही देतो, पासचं आम्ही पाहतो, फक्त नाव आमच्याकडे टाका." कारण सोपं आहे. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांची पदं पटावर ठरतात. 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता, म्हणजे पदांची मंजुरी, करण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. मुलं कमी पडली की गुरुजी अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे समायोजनाला जातो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले, त्यावर शिक्षक संघटनांनी मोर्चे काढले. तेव्हा "खाजगी शाळेत उशीर झाला" हे वाक्य सगळ्या खाजगी शाळांना लागू नाही. अनुदानित शाळाही खाजगीच. त्या संस्थेच्या असतात, पगार सरकार देतं. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने विदर्भातल्या खेड्यांत शाळा काढल्या तेव्हा खाजगी शाळा म्हटलं की हेच डोळ्यांपुढे यायचं. फी घेऊन इंग्रजी शिकवणारी, टाय लावणारी शाळा ही तालुक्याच्या गावात अलीकडची. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर त्या भराभर निघाल्या. त्या शाळांना वही लागते. अनुदानित शाळेत जुलैअखेर गेलात तर चहा पाजतील.

हा विरोधाभास कधी इतका विकोपाला गेला की पोरांची नावं दोन-दोन शाळांत असायची. खाजगीत खरं, सरकारीत पटापुरतं. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. त्यानंतर नोंदी राज्याच्या ऑनलाइन सरल प्रणालीत आणि मग केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलवर आल्या, आधारशी जोडल्या गेल्या. म्हणून तुम्हाला सांगतो, "तिकडे जागा होईपर्यंत इकडे नुसतं नाव टाकून ठेवा, पोरीला पाठवू नका" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एका मुलाचं नाव दोन ठिकाणी आता बसत नाही, आणि बसलंच तर नंतर काढताना दोन्ही शाळा एकमेकींकडे बोट दाखवतात.

आता हक्काचं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या 15 व्या कलमात म्हटलंय की वर्षाच्या सुरुवातीला किंवा वाढीव मुदतीत प्रवेश द्यावा, आणि मुदत उलटल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारू नये. केंद्राच्या नियमांत ही वाढीव मुदत सहा महिन्यांची आहे. हे कलम करताना डोळ्यांपुढे तुमच्यासारखे पालक नव्हते, ऊसतोडीला जाणारे होते. आपल्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात कोयता घेऊन जातात, लेकरं बरोबर असतात, आणि परत येतात ती उन्हाळा लागल्यावर. त्यांना "तारीख संपली" असं सांगणारी शाळा नको, म्हणून हे कलम. राज्याने अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही काढलं, की जाल त्या गावच्या शाळेने त्यावर दाखल करून घ्यावं. उशीर हा गुन्हा नाही, हे कायद्याने मान्य केलेलं आहे.

पण नीट वाचा. उशीर झाला म्हणून नकार चालत नाही. वर्गच भरलेला असेल तर अमुक एका शाळेने घेतलंच पाहिजे, असा हक्क यातून निघत नाही. शिक्षण मिळण्याचा हक्क पक्का आहे, शाळेचं नाव निवडण्याचा तितका पक्का नाही. जिल्हा परिषदेची शाळा मात्र नाही म्हणू शकत नाही, ना जुलैत, ना जानेवारीत. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. 14 व्या कलमाने तीही पळवाट बंद केली आहे. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचं प्रतिज्ञापत्र चालतं.

त्याच कायद्याचं 13 वं कलम तुमच्या वहीला थेट लागू आहे, आणि फार थोड्या शाळा ते बोलून दाखवतील. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेणं, परीक्षा घेणं याला बंदी आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार एका मुलाला दुसऱ्यापेक्षा वर ठेवायचं तर ते चिठ्ठी टाकूनच. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राने जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात शाळेला भावंडं, अंतर असे वाजवी गट करायची मुभा दिली, पण गटाच्या आत निवड सोडतीने. पालकांचं शिक्षण पाहून निवड नाही. मुलाखत घेतली तर पहिल्या वेळेला 25 हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. तेव्हा समासातला "भाऊ तिसरीत" हा शेरा कायद्यात बसतो. "फी एकदम देतात" आणि "सरांच्या ओळखीचे" बसत नाहीत.

आणि कुणी म्हणालं की इमारत निधीला अमुक दिलं तर नाव वर येईल, तर पावती मागा. पावती मागितली की असे निधी बहुधा विरून जातात. देणगीविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1987 पासून आहे. आपणच तो विसरलो. गावात डोनेशन दिल्याचं लोक अभिमानाने सांगतात, हे त्याहून वाईट. लेखी तक्रार पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. शिक्षणहक्क कायद्याखालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हावा असं 32 वं कलम सांगतं, आणि त्यावर अपील बालहक्क संरक्षण आयोगाकडे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय मात्र कार्यालयाच्या बाहेर पडू नका.

वहीशिवाय एक दुसरीही रांग असते, आणि ती क्रमांकाची आहे. आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षणहक्क कायद्याखालच्या, 25 टक्के राखीव जागांची. 40 च्या वर्गात 10 जागा, आठवीपर्यंत फी नाही. वंचित गटातल्या जातींना उत्पन्नाची अट नाही, दुर्बल गटाला वार्षिक 1 लाखाची. अर्ज ऑनलाइन, सोडत राज्यासाठी एकदम, निवड यादी आणि प्रतीक्षा यादी दोन्ही जाहीर. निवड झालेल्यांनी मुदतीत प्रवेश घेतला नाही की प्रतीक्षा यादीतल्यांना क्रमाने बोलावतात. तिथे समासात पेन्सिल चालत नाही. राज्यात या जागा लाखाच्या घरात, अर्ज तिपटीच्या आसपास, आणि तरीही हजारो जागा वर्षाअखेर रिकाम्या राहतात. कारण मेसेज आला नाही, कागद जमले नाहीत, किंवा लागलेली शाळा लांब पडली. मेसेजच्या भरवशावर राहू नका, पोर्टलवर स्वतः पाहा, असं शिक्षण विभाग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक मेसेजची वाट पाहतात.

2024 मध्ये या रांगेने पालकांचा अंतच पाहिला. 9 फेब्रुवारीला शासनाने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांतून सूट. म्हणजे बहुतेक इंग्रजी शाळा सुटल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मे महिन्यात स्थगिती मिळाली, 19 जुलैला अधिसूचना रद्द झाली, आणि मगच सोडतीची यादी लागली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शाळांच्या बाजूचं अपील फेटाळलं. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता आणि खूप जणांनी कर्ज काढून फी भरून टाकली होती. त्या वर्षी उशीर पालकांनी केला नव्हता.

तुमच्यासाठी मात्र या रांगेत एक अडचण आहे. सोडतीत घर ते शाळा हे अंतर धरतात. एक किलोमीटरच्या आतले आधी, मग तीनपर्यंतचे. शाळा तालुक्याच्या गावात आणि मूल किन्हीराजात, तर तुमचा नंबर मागेच पडणार. खेड्यातल्या गरीब मुलासाठीही असलेली तरतूद शहरातल्या गरीब मुलाच्याच पदरात जास्त पडते, ती या अंतराच्या अटीमुळे. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे गावात अशी शाळाच नाही, तिथे गाडीचं भाडं धरून लांबच्या मुलाला समान संधी द्यायला काय हरकत आहे?

रांग कशी लावावी याबद्दल बाहेर काय चालतं हेही कुतूहलापोटी सांगतो. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्षी निदान 31 डिसेंबरपर्यंत प्रतीक्षा यादी चालू ठेवावी लागते, आणि तिच्यात आधी आला तो पुढे असा नियम चालत नाही. नवीन नाव आलं की यादी पुन्हा लावतात, भावंड, अंतर वगैरे ठरलेल्या निकषांवर. नोव्हेंबरात पुण्याहून तिकडे गेलेलं मराठी कुटुंब शाळेजवळ राहायला गेलं तर मार्चपासून थांबलेल्याच्याही वर जाऊ शकतं. आपल्याला हे अन्यायाचं वाटेल. पण क्रम कुठल्या नियमाने लागला ते भिंतीवर लावलेलं असतं, हा फरक मोठा आहे. मालेगावातल्या वहीबद्दल माझी तक्रार एवढीच आहे : तिच्यातला नियम कुठेच लिहिलेला नाही.

(ज्यांचं मूल दहावी झालंय त्यांच्यासाठी एक ओळ : अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून पूर्ण राज्यात ऑनलाइन झालेत. नियमित फेऱ्या संपल्या की शेवटी सर्वांसाठी खुली फेरी असते. उशीर झालेल्यांनी ती धरावी, कॉलेजच्या शिपायामागे लागू नये.)

आता तुमच्या लेकीकडे येतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा पूर्ण लागतात, त्यामुळे ती यंदा पात्र आहे. आणि जुलै ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलांची एक गोष्ट कुणी सांगत नाही. आरटीईच्या पहिलीसाठी वरची मर्यादा 7 वर्षं 5 महिने 30 दिवसांची असल्याने ती पुढच्या वर्षीही पहिलीच्या सोडतीत बसतात. म्हणजे त्यांना दोनदा संधी आहे. तुमच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत आरटीईची एखादी शाळा असेल, तर यंदा तिला अंगणवाडीत किंवा बालवाडीत चालू ठेवून अर्जाची वाट पाहणं हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकेल. 2025-26 चे अर्ज जानेवारीतच सुरू झाले होते आणि सोडत फेब्रुवारीत निघाली. पेरणीच्या आठवणीवर विसंबलात तर पुन्हा उशीर होईल.

तशी शाळा जवळ नसेल, आणि माझा तसाच अंदाज आहे, तर "एक वर्ष घरी" हा सल्ला साफ सोडून द्या. गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिचं नाव पहिलीत घाला आणि रोज पाठवा. मालेगावला जागा झाली तर शाळा सोडल्याचा दाखला अडणार नाही. 5 व्या कलमानुसार मुख्याध्यापकांनी तो ताबडतोब द्यायचा असतो. बाकीची बदली ऑनलाइन होते. तिचा यू-डायसवरचा कायम क्रमांक एकदा तयार झाला की तो तिच्याबरोबर फिरतो. इंग्रजी हुकेल ही भीतीही फारशी खरी नाही. सन 2000 पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. ती किती चांगली शिकवली जाते हे बाईंवर आणि गुरुजींवर अवलंबून, पण हे टायवाल्या शाळेतही तितकंच खरं. पुढच्या वर्षी दुसरीला प्रवेश मागताना तिची परीक्षा घ्यायलाही त्या शाळेला परवानगी नाही.

वहीतलं नाव राहू द्या, त्यात तुमचं काही जात नाही. मात्र एक साधा अर्ज लिहून द्या : मुलीचं नाव, वर्ग, जन्मतारीख, गाव, गाडीची गरज आहे की नाही, आणि आपला क्रमांक कितवा आहे ते कळवावे ही विनंती. प्रतीवर शिक्का घ्या. लेखी अर्ज आला की समासातल्या पेन्सिलीपेक्षा त्याचं वजन वाढतं, कारण उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. मग पंधरवड्यातून एक फोन, परिपाठ झाल्यावर, अकराच्या सुमारास. ऑगस्टअखेर काही झालं नाही तर यंदाचं विसरा आणि मार्चमध्ये दुसरीसाठी पुन्हा जा. त्या वेळी तुम्ही उशिरा आलेले नसाल.

जन्माचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन सोमवारी सकाळी गावच्या शाळेत जा. मालेगावच्या बाईंना फोन त्यानंतर करा.